नालायकीचा दाखला

एखादा समाज किती प्रगत आहे, हे तो बाहेरच्या माणसाला कसा आत घेतो यावरून ठरत नाही. त्याआधी घरच्यांना किती पद्धतशीरपणे नालायक ठरवतो, यावरून ठरतं. हे काम वकिलावाचून होत नाही. मी तो वकील आहे.

कायदा अगदी सरळ आहे. परदेशी माणसाला नोकरीवर ठेवायचं असेल, तर मालकानं आधी जाहिरात द्यावी, आलेले स्थानिक अर्ज तपासावेत आणि त्यांत एकही लायक माणूस निघाला नाही, असा दाखला मजूर खात्याला द्यावा. (परदेशी माणूस बहुधा आधीपासूनच कामावर असतो. हे मनात न आणता जाहिरात देणं, हाच कायद्याचा आत्मा आहे.) मी आजवर नालायक ठरवलेल्या स्थानिकांपैकी सुमारे सत्तर टक्के अनुभव कमी म्हणून गेले, वीस टक्के अनुभव जास्त म्हणून गेले आणि उरलेल्यांना मुलाखतीचं पत्र मुलाखतीनंतर मिळालं. अन्याय कुणावरही झालेला नाही.

खरं कसब जाहिरातीत असतं. लिफ्टच्या देखभालीचा धंदा करणाऱ्या माझ्या एका अशिलाकडे परदेशी मेकॅनिक होता. दाराला कान लावून तो बिघाड ओळखायचा, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत. त्याचा इथं काम करण्याचा परवाना संपत आला होता. मुलगी इथल्या शाळेत शेवटच्या वर्षाला होती. परवाना गेला की तिची शाळाही जाणार होती. मी त्याला समोर बसवला आणि त्याच्याकडे बघत बघत जाहिरात लिहिली: ‘ऊर्ध्व वाहतुकीचा अनुभव हवा. यंत्रांची उपजत जाण हवी. डावखुरा असणे आवश्यक. कार्यालयात अन्य कुणालाही येत नाही अशी एक भाषा यावी.’ (लिफ्टशी बोलावं लागत नाही, असा आक्षेप खात्यानं घेतला. ती अडकली की शिव्या द्याव्या लागतात आणि त्या ठरावीक भाषेतच लागू पडतात, असं आम्ही लेखी कळवलं. खात्याला पटलं.) अशा वर्णनाचा माणूस पृथ्वीवर एकच होता आणि तो माझ्यासमोर चहा पीत होता.

जाहिरात छापून आली त्या सकाळी बायकोनं पेपर माझ्या नाकासमोर धरला. “वाचलीत? अगदी आमच्या दादाचंच वर्णन आहे.”

असणारच. तिचा दादा, म्हणजे माझा मेहुणा, बरीच वर्षं नोकरी शोधत आमच्याकडे राहतो आहे आणि अर्जाला जोडायचा त्याचा परिचय मीच लिहून दिलेला आहे. त्यानं आमचा मिक्सर उघडला होता, म्हणून ‘यंत्रांची उपजत जाण’. (मिक्सर अजून उघडाच आहे.) घर बदलताना त्यानं आमचं सामान जिन्यानं वर चढवलं होतं, म्हणून ‘ऊर्ध्व वाहतुकीचा अनुभव’. भाषा ‘अनेक’. मजकूर खरा असल्याबद्दल खाली माझी सही. तो डावखुरा आहे, यात मात्र माझा हात नाही.

सामान जिन्यानं चढवलं, कारण मेहुण्याला लिफ्टची भीती वाटते. लिफ्टमध्ये शिरता यावं, ही अट मी घातली नव्हती. ती कुणाला सुचेल? आणि छापून झालेल्या जाहिरातीत नवी अट घालता येत नाही. तो नियम मागे मीच भांडून करून घेतला होता.

मेहुण्यानं अर्ज केला. खात्याच्या निरीक्षकानं जाहिरात आणि परिचय शेजारी शेजारी ठेवले आणि इतकी तंतोतंत जुळणी आपण उभ्या नोकरीत पाहिली नाही, असं भारावून सांगितलं. भाषेची परीक्षा घ्या, असं मी सुचवलं. पण ती भाषा येणारा माणूस एकटा कानसेन, आणि तो पडला हितसंबंधी. तेव्हा मेहुणा तोंडाला येईल ते बोलला आणि पास झाला.

आता एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे मी दाखला देणं. मेहुणा नालायक आहे, हे मी रोज जेवताना म्हणतच होतो. फक्त लिहून द्यायचं होतं.

“द्या की लिहून,” बायको म्हणाली. “सहीनिशी द्या. एक प्रत मी आईला पाठवते.”

मी पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी कानसेन कचेरीत आला. “साहेब, मी लायक नव्हतो का?”

“तुमच्या लायकीचा प्रश्नच कुठे आला?” मी म्हणालो. “कायदा ती बघतच नाही. तो फक्त बाकीच्यांची बघतो.”

तो म्हणाला, “मुलीला हे कसं समजावून सांगू?”

मला मनापासून वाईट वाटलं. अपील करता येईल का, असंही त्यानं विचारलं. मी मालकाचा वकील असल्यामुळे त्याला सल्ला देऊ शकत नाही, एवढा सल्ला मी त्याला फुकट दिला.

मुलीचं नाव शाळेतून काढून तो कुटुंबासह गेला. मेहुणा आता लिफ्टची देखभाल जिन्यात उभा राहून करतो. त्या इमारतींतले लोक चालायला लागले आहेत. (त्यांच्या प्रकृती सुधारल्याचं मालकानं वार्षिक अहवालात नमूद केलं आहे.)

वाचताना आपल्याला कानसेनाबद्दल हळहळ वाटली असेल, माझा थोडा रागही आला असेल. हरकत नाही. सवड मिळाली की आपण ज्या जागेवर नोकरी करता, त्या जागेची जुनी जाहिरात शोधून वाचा. तिच्यात आपलं वर्णन हुबेहूब उतरलेलं दिसलं, तर त्या दिवशी आणखी कोण कोण आलं होतं, याची चौकशी करू नका. आपण कुणाचे मेहुणे लागता, एवढं मात्र आठवून बघा.