कोंबडीचे तोंड कुणीकडे

बगळे संघ यंदाही शेवटचा आला. याची कारणे शोधण्यासाठी संघाच्या मालक कंपनीने, म्हणजे तैवानमधल्या चियायी शहरातल्या एका सोया सॉस कारखान्याने, एक उच्चस्तरीय समिती नेमली. समितीने सबंध हंगामाचा अभ्यास करून एकमताने निष्कर्ष काढला की, प्रतिस्पर्ध्यांनी धावा काढल्या कारण त्यांनी चेंडू मारला, आणि त्यांनी चेंडू मारला कारण आपल्या पिचरने तो त्यांच्याकडे टाकला. चेंडू टाकलाच नसता तर पुढचा सगळा अनर्थ टळला असता. परंतु खेळाच्या नियमांत तशी तरतूद नसल्याने पिचर बदलणे क्रमप्राप्त आहे. हा अहवाल संघाचे व्यवस्थापक लियाओ यांच्या टेबलावर येऊन पडला.

लियाओ यांना बेसबॉलमधले काही कळत होते अशातला भाग नाही. उभे आयुष्य त्यांनी कारखान्यात बाटल्यांच्या बुचांचे खाते सांभाळले होते. त्यांच्या हातचे एकही बूच कधी गळले नाही, म्हणून चेअरमन शू यांनी त्यांना संघावर आणून बसवले. "आपल्या पिचिंगला गळती लागलीय लियाओ," ते म्हणाले होते, "आणि गळतीतला माणूस आपल्याकडे तू एकच."

गळती कुठून होते ते आंधळ्यालाही दिसत होते. पो-हान नावाचा एक देखणा, गोरागोमटा पिचर संघात होता. त्याचा चेंडू कुठे जाईल हे चेंडूलाही ठाऊक नसे. तो खेळणार असला की प्रेक्षक आत आल्यावरही स्कूटरचे हेल्मेट काढत नसत. आणि पो-हान हा चेअरमनसाहेबांच्या धाकट्या लेकीचा नवरा होता. संघात त्याला समोर 'पो-हान' आणि मागे 'जावईबापू' म्हणत.

परदेशातून रॅमोन नावाचा एक ताडमाड पिचर आणायचे ठरले होते. त्याला जागा करायची तर एका पिचरला रजा देणे आले. चेअरमनसाहेबांनी लियाओंना बोलावून पुरेपूर स्पष्ट सूचना दिल्या.

"संघ सुधारला पाहिजे. आणि माझ्या घरात शांतता राहिली पाहिजे. बाकी मी काही बोललेलो नाही. समजलं ना?"

"समजलं साहेब."

"काय समजलं?"

"आपण काही बोललेला नाहीत."

"शाबास."

पिचरांचे प्रशिक्षक फान हे जुने, तोंडाचे फटकळ गृहस्थ. लियाओंनी त्यांचा सल्ला घेतला. फान यांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली.

"त्यात कसला सल्ला? जावईबापूंना नारळ द्या."

"पण हे त्याला सांगणार कोण?"

"व्यवस्थापक कोण आहे? मी की तुम्ही?"

"अहो, पण माणसाच्या तोंडावर असं कसं सांगायचं?"

"तोंडानं," फान म्हणाले आणि सरावाला निघून गेले.

हे लियाओंना जन्मात जमले नव्हते. आजवर त्यांनी कुणाला वाईट बातमी तोंडावर दिली नव्हती. खात्यातल्या माणसाची बदली झाली की ते त्याच्या टेबलावर संत्र्याची पेटी ठेवून दोन दिवस रजेवर जात. लोक संत्री पाहून काय ते समजत आणि आवराआवरीला लागत. कारखान्यात संत्री कुणाला आवडत नसत ती त्यामुळेच.

त्याच आठवड्यात संघातला आणखी एक पिचर, काचाव, त्यांना भेटायला आला. काचाव पूर्वेकडच्या डोंगरातला, आमी जमातीचा, अघळपघळ हसणारा गडी. संघाने वर्षभरात जे काही मोजके सामने जिंकले ते त्याच्या उजव्या खांद्यावर.

"लियाओ दादा, एक विचारू? पुढच्या वर्षी मी आहे ना संघात? नाही म्हणजे, पोरीला इथल्याच शाळेत घालावं म्हणतोय. बायकोही गावाकडचं दुकान बंद करून येईल."

"अरे, तू नाहीस तर कोण आहे?" लियाओंना भरून आले. "घाल बिनधास्त! मी शब्द देतो."

काचाव नाचतच गेला. शब्द तर देऊन झाला, आता फक्त जावईबापूंचा बंदोबस्त राहिला होता. आणि त्या संध्याकाळी लियाओंना ती नामी युक्ती सुचली.

चांद्र वर्ष संपता संपता मालकाने नोकरांना जी मेजवानी द्यायची, तिच्यात पूर्वी अख्खी उकडलेली कोंबडी येई. मालक तिचे तोंड ज्याच्याकडे करून ठेवी, त्याने गुपचूप जेवावे आणि नव्या वर्षी दुसरीकडे काम बघावे. कुणी काही बोलायचे नाही, कुणी काही विचारायचे नाही. पुढे लोकांच्या घशाखाली घास उतरेना, म्हणून कारखान्याच्या स्वयंपाकघरात कोंबडीचे डोके आधीच उडवण्याची पद्धत पडली. लियाओंनी परिपत्रक काढले: 'विषय: वार्षिक मेजवानीतील कोंबडीचे शिर पूर्ववत करण्याबाबत.' त्यात परंपरेचे जतन, नव्या पिढीवर संस्कार वगैरे सगळे होते.

"तोंड कुठल्या दिशेला ठेवू?" आचाऱ्याने विचारले.

"आग्नेयेला," लियाओ म्हणाले. पो-हानची खुर्ची त्यांनी स्वतः मोजूनमापून आग्नेयेला मांडली होती.

सगळे चोख झाले. एकच गोष्ट नजरेतून सुटली. टेबल गोल होते आणि त्यावर जेवणाची फिरती काच होती. बुचे फिरवण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाला काच फिरते याचा विसर पडावा, काय म्हणावे याला!

मेजवानीला सुरुवात झाली. सोडत निघाली, त्यात काचावला भात शिजवायचा विजेचा कुकर लागला, टाळ्या झाल्या. मग कोंबडी आली. वाफाळलेली, पिवळीधमक, डोक्यासकट. टेबलाभोवती पिचर मंडळी बसली होती. चोच सरळ पो-हानकडे होती. पो-हानने चोचीकडे पाहिले, चोचीने पो-हानकडे पाहिले. जावईबापूंनी घाम पुसला आणि अत्यंत आदराने काचेला बोट लावले.

"सीनिअर, आधी तुम्ही घ्या ना."

चोच उजवीकडच्या माणसासमोर गेली. तो दचकून म्हणाला, "छे छे, मी कसला सीनिअर! लिन दादा, तुमचा मान." लिन दादांनी मान घेतला नाही, पुढे ढकलला. "तू तर आमचा लहान भाऊ, तू खा, वाढत्या अंगाचा आहेस." वाढत्या अंगाच्या माणसाने ती परत फिरवली. असले अगत्य त्या संघात कधी कुणी पाहिले नव्हते. काच गरगरू लागली. सूप सांडले, मासे घसरले, मोहरीच्या पाल्याची वाटी उडून फान यांच्या मांडीवर आली.

"अरे गाढवांनो!" फान ओरडले. "अशी फिरकी वर्षभर चेंडूला दिली असतीत तर कप जिंकलो असतो!"

एकटा काचाव तेवढा शांतपणे जेवत होता. "आमच्या गावाकडं कोंबडी म्हणजे कोंबडी," तो म्हणाला आणि समोरून जाणारी टांग त्याने अचूक पकडली. टांगेबरोबर काच थांबली. नेमक्या त्याच क्षणी चेअरमनसाहेब दारूचा पेला उंचावत टेबलापाशी आले. चोच काचावकडे होती.

सगळ्यांनी आपापल्या सुपाच्या वाटीत पाहिले. लियाओंचे तोंड उघडले. 'साहेब, चूक झाली' एवढे म्हणायला किती श्वास लागतो? तो श्वास त्यांनी घेतलाही. मग त्यांना आपल्या वाटीत माशाचा एक गोळा तरंगताना दिसला आणि ते त्याच्याकडे पाहत बसले.

"असो," चेअरमनसाहेब म्हणाले. "नव्या वर्षाच्या शुभेच्छा."

दुसऱ्या दिवशी लियाओंनी चेअरमनसाहेबांच्या दालनात हळूच विषय काढला, की कोंबडी मुळात आग्नेयेला होती.

"मग आता काय करायचं म्हणतोस?" चेअरमनसाहेब शांतपणे म्हणाले. "कोंबडीला चुकीची ठरवायची? उद्या लोक म्हणतील, यांच्या घरची कोंबडीसुद्धा खोटी. सॉस कोण विकत घेईल? आणि मी तर काही बोललेलोच नाही."

लियाओ आपल्या खोलीत येतात तो काचाव बसलेला. मांडीवर कुकर.

"दादा, मला कोंबडीनं काढलं म्हणे?"

"तसं नाही रे..."

"मग तुम्ही काढलंत?"

"छे छे! मी कशाला काढीन?"

"चेअरमनसाहेबांनी?"

"ते बिचारे काही बोललेच नाहीत."

"म्हणजे मला कुणीच काढलेलं नाही."

"कुणीच नाही."

"मग उद्या सरावाला येऊ?"

लियाओ चहाच्या कपात पाहू लागले. वाईट याचे वाटते की तो चिडला नाही. "पोरीचा गणवेश शिवून झालाय दादा," एवढेच म्हणाला आणि कुकर उचलून निघून गेला. लियाओंनी त्याच्या घरी संत्र्याची पेटी पाठवली.

किनाऱ्यावरच्या खेकडे संघाने काचावला लगेच उचलले. वर्तमानपत्रांना हा मामला कळेना. एवढा चांगला पिचर कुणी उगाच सोडील का? तेव्हा यात काहीतरी गहन डाव असणार, असे त्यांनी छापले. 'बगळ्यांची धूर्त चाल' हा मथळा वाचून चेअरमनसाहेब इतके खूश झाले की त्यांनी कुक्कुटमुख-निर्देश समिती स्थापन केली आणि लियाओंना तिचे अध्यक्ष केले. यापुढे संघातले सर्व फेरबदल याच पद्धतीने होणार होते. वशिला नाही, तक्रार नाही, कुणाचे मन दुखावणे नाही.

रॅमोन आला. त्याच्या स्वागताच्या जेवणात नियमाप्रमाणे कोंबडी आली आणि सवयीप्रमाणे सगळ्यांनी काच फिरवली. चोच पाहुण्यासमोर थांबली. हा काहीतरी मोठा मान आहे असे वाटून रॅमोनने उभे राहून कमरेत वाकून नमस्कार केला. फान यांना राहवले नाही. त्यांनी दुभाष्याला बाजूला सारून हातवारे करत त्याला खरा अर्थ सांगितला. रॅमोनने सामान अजून सोडलेच नव्हते, त्यामुळे विमान गाठायला त्याला सोपे गेले.

परंपरेचा गोपनीय अर्थ फोडल्याबद्दल पुढच्याच जेवणात चोच फान यांच्याकडे होती. या वेळी कुणी काच फिरवली नाही. फान यांनी कोंबडीचे मुंडके तोडले, ते लियाओंच्या ताटात ठेवले आणि म्हणाले, "घ्या. तुम्हाला तोंड नाही, हे वापरा." आणि ते गेले.

हा प्रकार लियाओंच्या मनाला लागला, पण त्यातून त्यांनी भलताच धडा घेतला. पद्धतीत गळती आहे, असे त्यांनी समितीला सांगितले. बसणाऱ्याला काच फिरवता येते ही गळती. ती बुजवायला हवी. त्यांनी कारखान्यातून गोंद मागवला, बाटल्यांवर वापरतात तोच, आणि आपल्या देखरेखीखाली काच टेबलाला अशी घट्ट बसवून घेतली की हत्तीच्यानेही हलली नसती. कितीतरी दिवसांनी त्यांना स्वतःचे काम केल्यासारखे वाटले.

हंगाम उघडला. काचाव गेला, रॅमोन गेला, पिचरांना शिकवणारा गेला. तेव्हा पहिल्या सामन्यात चेंडू कुणी टाकायचा या प्रश्नाला एकच उत्तर उरले. जावईबापू मैदानात उतरले, प्रेक्षकांनी हेल्मेट चढवली. समोर खेकडे, आणि खेकड्यांचा पिचर काचाव. बगळ्यांना एकही धाव काढता आली नाही. खेकड्यांच्या धावा फलकावर मावेनात, तेव्हा फलकवाल्याने हात जोडले आणि तो घरी गेला. सामना संपल्यावर काचाव प्रेक्षकांतल्या एका लहान मुलीला खांद्यावर घेऊन मैदानभर फिरला. तिच्या अंगावर खेकड्यांच्या गावातल्या शाळेचा गणवेश होता. लियाओंना तिकडे बघवेना, आणि मान फिरवायलाही जमेना.

जबाबदारी निश्चित करण्यासाठी चेअरमनसाहेबांनी जेवण ठेवले. समितीचे सगळे सभासद होते, पो-हान होता, लियाओ अध्यक्षांच्या खुर्चीवर होते. कोंबडी आली. चोच लियाओंकडे होती.

लियाओ हसले. चूक झाली असणार. त्यांनी अदबीने काचेला बोट लावले. "आधी तुम्ही घ्या ना," ते शेजाऱ्याला म्हणाले. काच हलली नाही. त्यांनी दोन बोटे लावली, मग तळवा, मग उभे राहून दोन्ही हात. बूच पक्के बसले की हाताला कसे कळते ते त्यांच्याइतके कुणाला ठाऊक? ते खाली बसले आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले. आता कुणीतरी बोलेल. 'साहेब, लियाओंचा यात दोष नाही.' एवढेच तर म्हणायचे. लियाओ स्वतः त्यांतल्या प्रत्येकाला वर्षानुवर्षे ओळखत होते, कुणाच्या मुलाला कामाला लावले होते, कुणाच्या आईला दवाखान्यात नेले होते. पण फान तिथे नव्हते. बाकी सगळ्यांच्या सुपाच्या वाटीत त्या रात्री काहीतरी फारच पाहण्यासारखे असावे.

"असो," चेअरमनसाहेब म्हणाले.

घरी गेले तर दारात संत्र्याची पेटी येऊन पडली होती.

तुम्ही म्हणाल, बरी जिरली! त्या काचावसाठी एक वाक्य बोलला असता तर काय जिभेला हाड फुटलं असतं? बरोबर आहे तुमचं. आता मला एवढंच सांगा, परवा तुमच्या ऑफिसातल्या बैठकीत, काही दोष नसताना त्या माणसाचं नाव निघालं, आणि त्यानं मान वर करून सगळ्यांकडे एकदा पाहिलं, तेव्हा तुम्ही कपात बघत होतात ना?

चहा कसा होता?