हैबतराव महाराजांनी गहू सोडिला त्याची हकीकत

श्री अन्नपूर्णा प्रसन्न. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सर, ते वर्षी आमच्या राज्यावर मोठे संकट आले, परंतु बाहेरून कोणी शत्रू आला नाही, संकट महाराजांच्या पोटातूनच उठले, त्याचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले आहे. राजश्री हैबतराव महाराज म्हणजे केवळ वाघ, लढाईत पाठ दाखविणे ठाऊक नाही, आणि जेवणातही तैसेच, तुपात भिजल्या पोळ्यांची चळत समोर आली की तिचा फन्ना उडविल्याखेरीज पानावरून उठत नसत. ऐसे असता त्या साली महाराजांचे पोट फुगो लागले, मग दुखो लागले, मग अन्न अंगी लागेना, चिलखत सैल जाहले, घोड्यावर बसता घेरी येऊ लागली, आणि भर मसलतीत महाराज तांब्या घेऊन उठून जाऊ लागले, तेव्हा मुत्सद्दी खाली माना घालून बसत. राजवैद्यांनी चूर्णे दिली, ज्योतिषांनी शनी काढिला, पंचाक्षऱ्यांनी लिंबे उतरिली, गुण येईना. मग कारभारी अंताजीपंत, ज्यांस जेथे तेथे फितुरी दिसे, ते हात जोडून बोलिले, "महाराज, हा रोग नव्हे, विषप्रयोग. मोरभट आचारी शत्रूस फितला आहे." मोरभटाने महाराजांस लहानपणापासून जेवू घातलेले, तो रडत पाया पडला आणि म्हणाला, "सरकार, तूप जास्ती घातले असेल, विष कैसे घालीन?" परंतु कोणी ऐकिले नाही, आणि बेड्या घालून त्यास अमावास्येस कड्यावरून लोटावा ऐसा हुकूम जाहला.

हे राणी गोजराबाईसाहेबांस कळले. बाईंचे बोलणे थोडे, नजर तीक्ष्ण. त्या महाराजांजवळ येऊन बसल्या आणि पुसिले, "एकादशीस आपले पोट दुखते काय?" महाराज विचार करून म्हणाले, "नाही दुखत. पुण्याईने." "मग ही पुण्याई उपास सुटताच कोठे जाते? उपासाची वरई आणि राजगिरा मोरभटच रांधतो. त्या दिवशी तो विष घालावयास विसरतो काय?" मग बाईंनी स्वहस्ते चूल पेटवून आधी भात दिला, मग वरण दिले, मग ज्वारीची भाकर दिली, काही जाहले नाही, आणि मग अर्धी पोळी दिली, तो महाराज अंथरुणात गडबडा लोळू लागले. तेव्हा राजवैद्य बोलिले की गव्हात एक चिकट सत्त्व असते, ते महाराजांच्या आतड्यास सोसत नाही, आम्हांस संशय आधीच होता. मोरभटाच्या बेड्या तुटल्या, महाराजांनी उठून त्यास शालजोडी दिली, तो म्हणाला, "शाल राहो सरकार, आता आपणांस जेवावयास काय करू ते सांगा."

मग गहू सुटला, परंतु सुखासुखी सुटला नाही. महाराज भाकर पाहून तोंड फिरवीत, दिवाळीस तांदळाच्या पिठाच्या करंज्या केल्या त्या कढईतच फुटल्या, आणि एकदा कोठीत शिरून चोरून शंकरपाळे खाल्ले त्याची शिक्षा पोटानेच दिली. जाते निराळे जाहले, परात निराळी जाहली, आणि हळूहळू महाराजांच्या अंगावर मांस चढले. इकडे दरबारात निराळीच साथ आली. महाराजांस जे सोसत नाही ते आपणांस कैसे सोसावे, म्हणून मानकरी एकामागून एक पोट धरू लागले, आणि ज्याचे पोट दुखत नाही तो हलक्या कुळीचा ऐसे ठरले. अंताजीपंतांस तर गव्हाचे शेत लांबून दिसताच कळ येई. त्यांनी अर्ज केला की गहू राज्याचा वैरी, त्याची उभी पिके जाळावी. बाईसाहेब म्हणाल्या, "पोट एकाचे, आणि उपाशी राज्याने मरावे?" महाराज हसले आणि अर्ज परत फिरविला.

इतक्यात नदीच्या पाण्यावरून शेजारच्या राज्याशी तंटा वाढला, लढाई टाळावी म्हणून तहाचे बोलणे ठरले, आणि महाराज तेथे मेजवानीस गेले. मोरभट फडक्यात भाकरी बांधून मागे होता. पंगत बसली, आणि तेथील राजांच्या वृद्ध मातोश्री मैनाबाईसाहेब, ज्यांच्या रागास सारा मुलूख भीत असे, त्या स्वतः मांडे वाढावयास आल्या. मांडा गव्हाचा. अंताजीपंत आणि मानकरी यांचे दुखणे सीमेपलीकडेच राहिले असावे, कारण ते केव्हाचे मांड्यांवर तुटून पडले होते. पंत भरल्या तोंडाने कुजबुजले, "घ्यावा महाराज, एका घासाने काय होते? नाकारिला तर तह मोडेल." महाराजांनी पानावर हात आडवा धरिला. यजमानांच्या सरदारांचे हात तलवारींवर गेले. महाराज उभे राहिले, आणि ज्यांनी घाव कधी कोणास दाखविला नाही ते भर पंगतीत बोलिले, "आईसाहेब, अपमान नव्हे. गहू खाल्ला की माझ्या पोटात दुखते. फार दुखते."

मैनाबाईसाहेब ताट खाली ठेवून महाराजांशेजारी पाटावर बसल्या आणि हळू आवाजात पुसिले, "फुगते काय रे? आणि खाल्लेले अंगी लागत नाही?" महाराज म्हणाले, "होय." बाई म्हणाल्या, "सून होऊन या घरी आले तेव्हापासून माझे ऐसेच. सासरी पोळी नको कोणत्या तोंडाने म्हणावे?" आणि मोरभटाकडे हात करून म्हणाल्या, "ती भाकर इकडे दे." मग दोघे एका पानात जेवली, आणि पाणी निम्मे निम्मे वाटून तह जाहला.

ऐसा तो प्रसंग. लढाई टळली, मोरभट वाचला, पंतांस मात्र अजीर्ण जाहले, ते खरे होते. मैनाबाईसाहेब पुढे पुष्कळ जगल्या, आणि म्हणत, "जन्मभर लोकांनी मला तापट म्हटले. मी तापट नव्हते रे, भुकेली होते." घडले तितके लिहिले, लेखनसीमा.