दहा सेकंदांचा बिघाड

चित्राने भिंतीवर गप्प बसावं, यावर जगातल्या सर्व शहाण्या माणसांचं एकमत आहे. आत्याचं चित्र गप्प बसत नव्हतं. म्हणून ते चित्र की उपकरण, हे ठरवायला संग्रहालयाने तिघांची समिती नेमली. तिघांचा मिळून कलेचा अनुभव एकाहत्तर वर्षांचा. (त्यातली चौसष्ट खुर्चीत गेली, पण खुर्चीही कलेचीच होती.)

आत्या म्हणजे टीव्ही, कॅमेरा आणि वायरी घेऊन कलाकृती करणारी आपल्याकडची पहिली बाई. घरच्यांनी तीस वर्षं तिला "दुरुस्तीवाली" म्हटलं. तिने मनावर घेतलं नाही, फक्त कुणाचा मिक्सर दुरुस्त करून दिला नाही. आता तिचं काम संग्रहालयात कायमचं लागणार होतं, समिती हो म्हणाली तर.

काम असं: आठ टीव्ही, वर एक कॅमेरा. समोर उभं राहिलं की आपणच दिसायचो, पण दहा सेकंदांपूर्वीचे.

अध्यक्ष येऊन उभे राहिले. कान कोरला, तोंडभर जांभई दिली, मग कलेला शोभेल असा चेहरा केला. नेमके तेव्हाच समोर आठ अध्यक्ष कान कोरायला लागले.

समितीने उभ्याउभ्या ठराव केला: यंत्र मागे पडते. प्रकरण वीज विभागाकडे.

तिथला मिस्त्री कामाचा माणूस. (संग्रहालयात असा तो एकटाच.) त्याने चित्र दहा सेकंद रोखून धरणारी मागची काळी पेटी उपटली आणि आत्याच्या हातात ठेवली.

"बिघाड मुळासकट काढलाय, आत्या. आता हात हलवला की लगेच हलतो."

"त्या पेटीत माझी तीस वर्षं आहेत रे बाबा."

"जपून ठेवा मग. परत लावू नका म्हणजे झालं."

समिती पुन्हा आली. अध्यक्षांनी केस सारखे केले, कॉलर नीट केली आणि काम एकमताने मंजूर झालं. शेरा पडला: आशय आता स्पष्ट झाला आहे.

राहिली अर्जावर आत्याची सही. ती अडली, तशी सोबत आलेली वहिनी वैतागली.

"कर की सही. घरी आठ टीव्ही ठेवू कुठे, माझ्या डोक्यावर? आधीच तुझ्या वायरींवर कपडे वाळत घालते मी."

"वहिनी, हा नुसता आरसा झालाय. आरसा काय मी केलाय?"

"मग तसं लिही त्यांना. लिहिता येतं ना?"

आत्याने अर्जात लिहिलं, 'समोर दिसतंय ते माझं काम नाही.' खाली सही केली. कार्यालयाने तेच कलाकृतीचं नाव समजून पितळी पाटीवर कोरलं.

पहिल्या आठवड्यात चारशे बारा माणसं आली. चारशे नऊ जणांनी केस सारखे केले, दोघांनी दात तपासले, एकीने आत्याचं नाव शोधलं. (ती वहिनी.) अभिप्रायाच्या वहीत मात्र सगळ्यांनी लिहिलं, इतकं जिवंत काम पाहिलं नव्हतं.

तुम्हीही जाऊन या. दोन पावलं मागे सराल, मान जराशी तिरकी कराल आणि म्हणाल, बाईंच्या हातात जादू आहे. आत्या तिथेच कोपऱ्यात बसलेली असते. पण तुमचं खुललेलं तोंड बघून, हा नुसता आरसा आहे हे सांगायला तिलाही वाईट वाटतं.