तात्यांचं सभागृह आन् माझी सही

आमच्या शेळगावात तात्यांच्या घरी चहा पायजे असंल तर आधी हात वर करावा लागतो. नुसतं "तात्या, चहा टाका" म्हणलं की त्यांना ऐकूच येत न्हाय. उभं ऱ्हायाचं आन् म्हणायचं, "अध्यक्ष महोदय, चहाचा प्रस्ताव मांडतो." मग तात्या ओसरीवर नजर फिरवून इचारणार, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं." ओसरीवर मी आन् एक कोंबडी. मी म्हणणार, "व्हय." कोंबडी गप. "होयचं बहुमत! प्रस्ताव संमत!" मग गॅस पेटणार. एकदा मधीच कोंबडी वरडली, तर तात्या कडाडले, "सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं!" आन् बसलो मी.

तात्या मुंबईला विधान भवनात शिपाई हुते. सारी नोकरी सभागृहात चिठ्ठ्या पोचवण्यात गेली. रिटायर हून गावाकडं आले आन् वर्सभरात कुसुमवहिनी गेल्या. पोरं पुण्याला. तवापास्नं भेटंल त्याला तात्या सरकार समजावून सांगत्यात.

मी बिनशाळंचा. शाळंत एकदाच गेलो, तेबी आमची म्हैस आत शिरली म्हणून. वर्गात ती माझ्यापेक्षा जास्त येळ बसली. मला लिव्हता-वाचता येत न्हाय हे मी आजवर लपवलं. कुणी कागद पुढं केला की म्हणायचं, "चष्मा इसरलो." माझ्याकडं चष्मा न्हाईच, पर तो मी रोज इसरतो. माझी नात स्वरा चौथीत हाय. तिला वाटतं, आबाला सगळं येतं. तिला तसंच वाटत ऱ्हावं, एवढीच माझी धडपड.

यंदा मास्तरांनी तात्यांना शाळंत बोलावलं, पोरांना राज्याचा कारभार समजवायला. मी बी गेलो मागं मागं, रानात तण काढायची भांगलण हुती, ती चुकवायला.

"पोरांनो," तात्या म्हणले, "आपण मत देऊन आमदार निवडतो. ते बसत्यात विधानसभेत. ज्याच्या पाठीशी निम्म्याहून जास्त, तो मुख्यमंत्री. तो आपले मंत्री घेतो. समोरचे विरोधी बाकावर. त्यांचं काम इचारायचं, हे का केलं, ते का न्हाय?"

"आन् विधान परिषद?" मास्तरांनी इचारलं.

तात्यांनी माझ्याकडं बोट केलं. "दगडूराव, तुमी टोमॅटो कसा धाडता?"

"रानात निवडतो. क्रेट भरताना पुन्हा निवडतो."

"तसंच! एकदा निवडलेलं दुसऱ्यांदा बघणारं सभागृह."

दोनदा निवडून बी बारामतीच्या मार्केटात माझाच क्रेट गळका निघतो, हे मी पोरांना सांगितलं न्हाय.

मग शाळंची विधानसभा भरली. चौथीची पोरं विधानसभा, तिसरीची परिषद. स्वरा मुख्यमंत्री. तिनं बिल आणलं, जेवणाआधी नळावर पहिलीच्या पोरांचा पहिला नंबर. आन् डोक्याला पांढरी टोपी हाय म्हणून मला केलं राज्यपाल.

"काम काय?" मी तात्यांना हळूच इचारलं.

"सही. दोन्हीकडं पास झालेल्या बिलावर राज्यपालाची सही झाल्याबिगर कायदा न्हाय."

मी टोपी सारखी केली. "आन् न्हाय केली तर?"

"एकदा परत धाडता येतं, पुन्हा इचार करा म्हणून. पर त्यांनी पुन्हा मंजूर केलं तर सही द्यावीच लागती."

मी तेवढंच पाठ केलं. एकदा परत.

बिल दोन्हीकडनं पास झालं. स्वरा कागद घेऊन नाचतच आली. "आबा, सही."

"चष्मा इसरलो गं."

"थांब, घरनं पळत आणते!"

ती निघाली की! मी वरडलो, "परत! बिल परत! पुन्हा इचार करा!"

वर्गात एकच गलका. पुन्हा चर्चा बसली. त्यात एक बारकी पोरगी उभी ऱ्हायली, "आन् आमच्या विराजचा पाय मोडलाय. तो दुसरीत हाय, त्याला कवा पाणी?" लगीच दुरुस्ती झाली, आजारी पोरं बी आधी. मास्तर खूश. "काय डोकं लावलं आबांनी!" मला घाम फुटलेला, आन् लोक म्हणत्यात डोकं.

बिल पुन्हा मंजूर. आता सुटका न्हाय. स्वरा कागद घेऊन पुढं आली, तेवढ्यात तात्यांचा आवाज, "सभागृह पंधरा मिनिटांसाठी तहकूब!"

त्यांनी मला हाताला धरून पाण्याच्या टाकीमागं नेलं. चिंचंची काडी घेतली, धुळीत उकिडवे बसले.

"हा द. वाकून भांगलणारी बाई. हा ग. काठी टेकून म्हातारा. आन् हा डू, खाली शेपूट. गिरवा."

"तात्या, तुमाला ठावं हुतं?"

"चष्मा घालणाऱ्याच्या नाकावर खूण पडती, दगडूराव." काडीनं धूळ सारखी करत म्हणले, "मी बी पयली दोन वर्सं नाव वाचून न्हाय, खुर्ची बघून चिठ्ठ्या पोचवल्या. एका कारकुनानं कँटीनमागं बसवून शिकवलं. घरच्या माणसाला मातर शिकवायचं ऱ्हायलं. म्हणायची, उद्या बसू. लाजायची." मग एकदम कडक आवाजात, "ग ची काठी सरळ काढा!"

घंटा झाली. मी आत जाऊन सही केली. कागदावर तीन अक्षरं मावंनात, डू चं शेपूट टेबलावर गेलं. पोरांनी बाकं बडवली. कायदा झाला.

शाळा सुटल्यावर टॉवेल ऱ्हायला म्हणून स्वराला घेऊन टाकीमागं गेलो. तात्या कवाच निघून गेले हुते. माझ्या वाकड्यातिकड्या नावाशेजारी धुळीत आणिक एक नाव हुतं, लई निगुतीनं काढलेलं. मी लांबनं बघितलं, जवळनं बघितलं. मग म्हणलं, "स्वरा, हे वाच बरं. मला वाचता येत न्हाय."

ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. मग खाली वाकली. "कु-सु-म. ही कोण, आबा?"

"तात्यांच्या घरची," मी म्हणलं.

तिनं माझं बोट धरलं आन् त्या नावाला पाय लागू नये म्हणून मला वळसा घालून बाहीर घेऊन आली.