आबांनी दातवण लपवलं

आमच्या शेजारचे आबा टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या माणसाकडेसुद्धा संशयानं बघतात. "येवढा कसाले हसस रे?" असं टीव्हीला विचारतात. "ट्यूबमा काय शे ते कोनी देखं? झाडवर समदं दिसस!"

म्हणून रोज कडुनिंबाची काडी. झाड माझ्या अंगणातलं, पण कुंपणापलीकडे गेलेल्या फांद्या आबांच्या. करंगळीएवढी जाड काडी निवडायची, पानं ओरबाडायची, धुवायची, हुंगायची आणि फाटकात उभं राहून चावायची. टोकाचा कुंचा झाला की एकेक दात घासायचा आणि शेवटी काडी उभी चिरून जीभ खरवडायची. तेवढ्या वेळात गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या पिशवीत काय होतं, सगळ्यावर नजर. उद्याच्या काडीला आजच दोरा बांधून ठेवायचे. एकदा कोणाच्या तरी बकरीनं ती दोऱ्यासकट खाल्ली, तर आबा थेट माझ्या दारात.

"अक्का, येक फांदी कमी शे."

"मग काय मी खाल्ली?" मी म्हटलं. आबांनी माझ्या दातांकडे निरखून पाहिलं. हद्द झाली की नाही! जन्मभर शाळेत मी पोरांच्या चोऱ्या पकडल्या, आणि हे माझीच झडती घेतात.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाचं लग्न झालं. सून कोण, तर दातांची डॉक्टर! अख्खी गल्ली पोट धरून हसली. यंदा त्यांच्या पुढच्या खोलीत रेश्माचा दवाखाना थाटला गेला, दारावर पाटी लागली, आणि त्याच आठवड्यापासून आबा फाटकातून गायब.

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. इतक्या वर्षांची सवय अशी सुटते होय? सुनेनंच दम दिला असणार, दुसरं काय! मी नजर ठेवली. एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना खाली पाहिलं, तर आबा मागच्या टाकीआड उकिडवे बसून चोरासारखे काडी चावत होते. थोड्या वेळानं ते मागच्या दारानं निघाले, गल्लीला वळसा घालून पुढून आले, जबड्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि कण्हत कण्हत सुनेच्या दवाखान्यात शिरले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

पडले वाटतं दात, म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. माझी दाढ चार दिवस ठणकत होतीच. तेवढं निमित्त पुरे होतं, गेले.

बाकावर आबा एकटेच.

"काय आबा, शेवटी निंबानं दगा दिला ना?"

"हयू बोल, अक्का!" त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि टॉवेल जरा खाली ओढून दात दाखवले. एकही हललेला नव्हता. "माले काय व्हयेल नही. रिकामा दवाखानामा कोन येस? येक मानूस बठेल देखा का दुसरा येस."

"आणि फाटकातलं दातवण?"

"सासराच काडी चावस, हाई देखावर हिनाकडे कोन येई?"

आबांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "तीन महिना व्हयनात. पोरगी रोज पांढरा कोट घालस, नि आत येकली रडस. काल म्हने, दवाखाना बंद करसू."

एवढ्यात रेश्मा बाहेर आली. मला पाहून तिचा चेहरा असा काही उजळला! "मावशी, दाढ दुखतेय? या ना आत."

आत गेले, आणि ती खुर्ची, तो डोळ्यांवर येणारा दिवा, ताटलीतली ती चकचकीत हत्यारं पाहून मी दोन पावलं मागे सरले. "अगं, गॅसवर दूध ठेवून आलेय," मी म्हटलं. "उद्या येते." आणि चपलांत पाय घातले.

"बरं," ती म्हणाली आणि हातमोजे काढायला लागली. जळली मेली माझी जीभ, पण पाय काही परत आत वळेनात.

आबा ताडकन उठले. "थांब अक्का. आधी मना नंबर शे."

टॉवेल सोडून ते खुर्चीत जाऊन बसले. दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरलेली.

"आबा, अहो, तुम्ही तर मला दात बघूच देत नाही!" रेश्मा म्हणाली.

"आते देख. चांगलं देख. दुखस नही हाई अक्काले दिसू दे." आणि डोळे गच्च मिटून त्यांनी आ केला.

रेश्मानं छोटा आरसा आत घातला आणि एकेक दात सावकाश तपासला. आबांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं.

"दुखतंय का हो, आबा?"

तोंड उघडंच ठेवून त्यांनी नकारार्थी मान हलवली.

मी चपला काढल्या आणि बाकावर जाऊन बसले. माझा नंबर दुसरा होता.