कमी पाण्याचा कमोड

जलसाहेब बैठकीत गप्प बसले असते तर घरातली माणसं सुखात राहिली असती. पण गप्प बसणं हे त्यांचं कामच नव्हतं. पाणीपुरवठा खात्यात ते प्रचार अधिकारी होते. 'नळ बंद, मन आनंद' असल्या ओळी रचायच्या आणि त्या दिसेल त्या भिंतीवर रंगवून घ्यायच्या, ही त्यांची नोकरी. ऑफिसातल्या लोकांनीच त्यांना जलसाहेब हे नाव ठेवलं होतं. ते थट्टेनं ठेवलंय, हे त्यांच्या एकट्याच्याच लक्षात आलं नव्हतं.

त्या दिवशी मुख्य साहेब वैतागून म्हणाले, "लोकांना उपदेश पुष्कळ झाला. पाणी वाचवणारं एक तरी घर आपल्याला दाखवता येईल का?"

सगळे आपापल्या चहाच्या कपात बघू लागले. जलसाहेबांच्या तोंडून निघून गेलं, "माझं घर आहे की, साहेब."

"उत्तम! महिनाअखेरीस पत्रकारांना घेऊन येतो."

घरी ही बातमी ऐकून बायको खुर्चीत बसलीच. "आपलं घर? अहो, आपल्या संडासाची टाकी एकदा ओढली की त्यात एखादं मूल न्हाऊन निघेल. वर दिवसभर गळते ती वेगळीच."

"म्हणून तर नवा कमोड आणायचा. कमी पाण्याचा."

दुकानात जलसाहेबांची आईसुद्धा आली. "बसायचं मला आहे, निवडणार तुम्ही?" असं म्हणून तिनं चपला घातल्यावर तिला थांबवणार कोण? दुकानदारानं एकेक कमोड दाखवायला सुरुवात केली. "याला दोन बटणं आहेत बघा. हे लहान, हे मोठं."

"कुठलं कधी दाबायचं?" आईनं विचारलं. तिला ऐकू कमी येत असल्यामुळे ती जे विचारी ते अख्ख्या दुकानाला ऐकू जाई.

दुकानदारानं घसा खाकरला. "ते, आजी, कामावर अवलंबून आहे."

"कामावर? मी कुठं नोकरी करते?"

पलीकडे नळ बघत असलेलं एक जोडपं घाईघाईनं आरशांच्या विभागात गेलं. बायकोनं मधल्या किमतीच्या एका कमोडावर बोट ठेवलं. "हा घेऊ या. पाणी बेताचं आहे, आणि काम होईलसं वाटतंय." पण जलसाहेबांची नजर कोपऱ्यातल्या एका पांढऱ्याशुभ्र, बारीक अंगाच्या कमोडावर खिळली होती.

"तो सगळ्यात कमी पाणी घेतो," दुकानदार म्हणाला. "इतकं कमी, की सोडलं की नाही असा प्रश्न पडतो."

जलसाहेबांना हे फार आवडलं.

कमोड बसवून झाल्यावर त्यांनी प्लंबरला हळूच विचारलं, "पाणी जरा कमीच येतंय, नाही?"

"तुम्हाला कमीच हवं होतं ना?" प्लंबर म्हणाला. जलसाहेबांनी पाकीट काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरा प्रकार कळला. लहान बटण दाबलं की कुणीतरी हळूच खाकरल्यासारखा आवाज येई. मोठं दाबलं की दोघं खाकरत. जे जायला हवं ते मात्र जागचं हलत नसे. पुन्हा दाबावं तर टाकी भरायला वेळ लागे, आणि तोवर बाहेर पुढचा माणूस येरझाऱ्या घालू लागे. बायको बादली घेऊन निघाली तेव्हा जलसाहेब दारात आडवे आले.

"बादली नाही! मीटरवर दिसेल. साहेब आकडा बघणार आहेत."

"साहेब कमोडात बघणार नाहीत का?"

आठवडा संपायच्या आत पाइप तुंबला. प्लंबरनं तो मोकळा केला आणि जाताना सांगितलं, "एवढ्याशा पाण्यात परत तुंबणार. गाडी ढकलायला माणसं नकोत का?"

"जुना आणून बसवा," बायकोनं निकाल दिला.

"महिनाअखेरीपर्यंत जरा कळ काढा," जलसाहेब काकुळतीला आले.

"तीच तर काढतेय सकाळपासून!" त्यांची मुलगी आतल्या खोलीतून ओरडली.

यावर तोडगा आईनं काढला. कुणाला न विचारता ती उठली आणि समोरच्या बाईंकडे गेली. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. एकट्याच राहत. त्यांच्याकडे जुनी साखळीची टाकी होती, आणि ती ओढली की धबधबा कोसळल्यासारखा आवाज इमारतभर होई. आई परत आली ती समाधानी चेहऱ्यानं. पाठोपाठ बायको जाऊ लागली, मग मुलगी. शेवटी एका सकाळी सदऱ्याच्या आत वर्तमानपत्र लपवून जलसाहेबांनीही बाईंची बेल वाजवली.

"आत पेपर वाचायचा नाही," बाई दारातच म्हणाल्या. "मागे रांग असते. आणि हात धुतल्याशिवाय बाहेर यायचं नाही."

"हो, बाई," जलसाहेब म्हणाले, आणि वर्तमानपत्र त्यांच्या हातात दिलं.

बाईंना या वर्दळीचा त्रास वाटत नव्हता. उलट त्या पहाटे उठून वेणीफणी करून तयार असत. आईसाठी त्यांनी टाकीच्या साखळीला एक लांब दोरीसुद्धा बांधली.

महिनाअखेर आली. जलसाहेबांच्या मीटरवरचा आकडा इतका खाली गेला होता की खात्यातल्या माणसानं मीटर बंद आहे का ते दोनदा पाहिलं. मुख्य साहेब खूश झाले. पत्रकारांची सकाळ ठरली. आणि नेमकी त्याच सकाळी जलसाहेबांना घाईची लागली. पाहुण्यांना अजून अवकाश आहे असं बघून ते बाईंकडे धावले.

ते आत बसले असतानाच बाहेर बेल वाजली. पाठोपाठ ओळखीचा आवाज ऐकू आला. 

"बाई, मी पाणीपुरवठा खात्याचा मुख्य अधिकारी," साहेब सांगत होते. "आणि हे पत्रकार. समोरचं घर पाणी वाचवतं आणि तुमचं घर उधळतं, अशी जोडबातमी करतोय आम्ही. तुमचा वापर एकदम चौपट झालाय. असंच चाललं तर पाणी तोडावं लागेल. घरात माणसं किती?"

"रात्री एक," बाई म्हणाल्या. "सकाळी पाच."

"पाच? कुठं आहेत?"

"चौघींचं आटपलं. एकजण आत आहेत."

जलसाहेब मान खाली घालून बसून राहिले. खिडकीतून मांजरसुद्धा गेलं नसतं. बाईंचं पाणी आपल्यामुळे तुटणार, ही गोष्ट त्यांना नोकरी जाण्यापेक्षाही जड वाटू लागली. शेवटी त्यांनी साखळी ओढली. धबधबा कोसळला. त्यांनी हात स्वच्छ धुतले आणि दार उघडलं.

समोर साहेब, पत्रकार आणि एक मोठा कॅमेरा.

"साहेब," जलसाहेब म्हणाले, "यात बाईंची काही चूक नाही. हे सगळं पाणी आम्ही वापरलं."

पत्रकारांनी वह्या उघडल्या. मग साहेबांचा चेहरा एकदम उजळला. वीस वर्षं खात्यात काढलेला माणूस तो.

"ऐकलंत?" ते पत्रकारांकडे वळले. "आम्ही म्हणजे खात्यानं! शेजारी वापर वाढलेला दिसताच हा माणूस हुकमाची वाट न बघता पहाटेपासून तपासणीला बसलाय! तपासणीचं पाणी आहे हे. बाईंना त्याचं बिल येणार नाही."

"साहेब, तसं नाही, खरं म्हणजे..."

"विनयसुद्धा बघा!"

"काही दोष सापडला का?" एका पत्रकारानं विचारलं.

जलसाहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही," ते मनापासून म्हणाले. "टाकी अप्रतिम आहे."

मग सगळे समोर गेले. साहेबांनी कॅमेऱ्यापुढे मोठं बटण स्वतः दाबलं. कमोड दोनदा खाकरला. "आवाजसुद्धा नाही!" साहेब म्हणाले. त्यांनी जागच्या जागी जाहीर केलं, की हे खात्याचं आदर्श घर असून या कमोडाला वर्षभर कुणी हात लावायचा नाही. दारावर तशी पाटीही लागली.

बातमी छापून आल्यावर खात्याकडे फोन सुरू झाले. आमच्याकडेही त्या साहेबांना पाठवा, आमचीही टाकी तपासा. मुख्य साहेबांनी हुकूम काढला, की जलसाहेबांनी रोज सकाळी एका घरी जाऊन, दार लावून, सविस्तर तपासणी करावी.

जलसाहेबांची तब्येत सुधारली. रोज नवं घर, भरपूर पाणी, शिवाय निघताना चहा. एका सकाळी ते शीळ घालत बूट चढवत होते. आई, मुलगी आणि बायको खांद्यावर टॉवेल टाकून बाईंच्या दाराशी रांगेत उभ्या होत्या.

"अहो," बायको म्हणाली, "साहेबांना एक विचाराल का? तपासणीला तुमच्या हाताखाली तीन माणसं घेता येतील का म्हणावं. पगार नसला तरी चालेल."