आजोबांचे उलटे पाय

कालिंदीने आजोबांच्या अंगात हाडं घातली ती घरात कुणालाही न विचारता, आणि तिथंच सगळं बिनसलं.

ॲनिमेशनमध्ये याला रिगिंग म्हणतात. पडद्यावरच्या माणसाच्या आत हाडं बसवायची, सांधे जोडायचे, मग तो चालतो. घोडपदेवच्या चाळीतल्या एका खोलीत ती वर्षभर हे शिकत होती. शिकवणीतले यंत्रमानव हलवून हलवून तिला वीट आला होता. व्हिडिओतला मास्तर रोज बजावे, "जिद्द सोडू नका!" पण जिद्द काय लालबागच्या बाजारात किलोवर मिळते? शेवटी तिने भिंतीवरच्या फोटोवरून सीताराम आजोबांनाच पडद्यावर आणलं. ते गिरणीत विणकर होते. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, पण आजोबा मरेपर्यंत रोज तिच्या दारापर्यंत जाऊन येत. त्यांच्यासाठी काम करताना कालिंदीला पुन्हा हुरूप आला. आज सात वाजेपर्यंत त्यांच्या चालण्याची फीत एका स्टुडिओला पाठवायची होती. नाही जमलं, तर परळच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसायचं, असं तिने आईला कबूल केलं होतं.

तिन्हीसांजेला मालन, म्हणजे तिची आई, दिवा लावायला उठली. कोपऱ्यातल्या पडद्यावर तिचे सासरे चालत होते. जागच्या जागी, न थांबता, सरळ तिच्याकडे बघत. तिने सवयीने डोक्यावर पदर घेतला. "मामंजी," ती पुटपुटली आणि नमस्काराला वाकली. तेव्हा तिला पाय दिसले. टाचा पुढे, बोटं मागे.

उलटे पाय कुणाचे असतात, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तिच्या किंकाळीने अख्खी चाळ दारात गोळा झाली.

"अगं आई, घोट्याचं हाड उलटं बसलंय! मिस्टेक माझीय!"

"भुताचां हाड तू सरळ करतलंस?" म्हणत मालनने प्लग उपटला.

कालिंदीने रडकुंडीला येऊन तो परत लावला. कॉम्प्युटर घरघरला, हरवलेलं काम त्याने आपलं आपणच शोधून आणलं, आणि आजोबा पुन्हा चालू लागले. दारातली माणसं मागे सरकली.

"बगलंस?" शेजारचे रघुकाका म्हणाले. ते गिरणीत आजोबांच्याच खात्यात होते. "सीताराम असो जाऊचो नाय. देवाक गाऱ्हाणां घालूक होयां. नारळ आणा. आणि डोळे मिटा सगळ्यांनी!"

"काका, सात वाजत आले!"

"डोळे मिट गो!"

कालिंदीने एकच मिटला.

"बा देवा म्हाराजा! ह्या पेटयेत जो कोण येवन रवलो हा, तेचां काय मागणां आसात तां पुरां करून घे, आणि ह्या पोरीच्या नोकरीआड येता ती इडापिडा आल्या वाटेन परत धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दारातले सगळे म्हणाले.

तेवढ्यात कालिंदीने आजोबांचे घोटे फिरवले. लोकांनी डोळे उघडले, तर पाय सरळ! रघुकाकांनी जन्मभर गाऱ्हाणी घातली होती, पण एवढ्या झटपट गुण कधी आला नव्हता. ते स्वतःच इतके घाबरले, की नारळ तिथंच टाकून घरी गेले. कालिंदीने फीत पाठवली आणि अंथरुणावर अंग टाकलं.

सकाळी स्टुडिओतल्या बाईंचा फोन आला. "चालणं ठीक आहे, शिकाल हळूहळू. पण ती हातांची बोटं! चालता चालता ते चिमटीत तुटलेला धागा धरून गाठ मारतायत. आमच्या जुन्या लोकांनाही असं जमत नाही. सोमवारपासून या. पण केलंत कसं हो?"

बोटांचं काम किचकट, म्हणून कालिंदीने ते पुढं ढकललं होतं. आजोबांच्या हातांच्या पंजांत तिने एकही हाड घातलं नव्हतं.

"आजोबांना विचारून सांगते," तिच्या तोंडून निघून गेलं.

"अय्या, तेही याच लाइनमध्ये आहेत?"

कालिंदीने पडद्याकडे पाहिलं. आजोबा मान खाली घालून गाठीमागून गाठ मारत होते.

"हो," ती म्हणाली, "कालपासून."